कंपनीची सामाजिक जबाबदारी आणि प्रमुखाचा स्वभाव

प्रश्न : एकाच व्यवसायातल्या आणि जवळपास सारख्याच नफ्यातल्या दोन कंपन्यांपैकी एक समाजासाठी व पर्यावरणासाठी मनापासून काम करते आणि दुसरी कायद्याने भाग पाडले तेवढेच करते. हा फरक प्रमुखाच्या स्वभावामुळे पडतो का?

उत्तर : बऱ्याच अंशी पडतो. व्यवस्थापनाचे अभ्यासक डोनाल्ड हॅम्ब्रिक आणि फिलिस मेसन यांनी १९८४ मध्ये असे मांडले, की कंपनीच्या निर्णयांत तिच्या वरिष्ठांचे अनुभव, मूल्ये आणि विचार करण्याची पद्धत उमटते. मात्र हे सिद्ध करणे अवघड असते. कारण संचालक मंडळ मुळातच आपल्या धोरणाला साजेशी व्यक्ती निवडत असेल, तर श्रेय त्या व्यक्तीचे की मंडळाचे, हे कसे ठरवायचे? म्हणूनच हेन्रिक क्रॉन्क्विस्ट आणि फ्रँक यू यांचा २०१७ मधील अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतील ज्या कंपन्यांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना मुलगी होती, त्यांचे सामाजिक जबाबदारीचे गुणांकन सुमारे ९ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यांना आढळले. मुलीच्या सहवासाने पालकाची मूल्ये घडतात, असा यामागचा विचार आहे; आणि मुलगा होणार की मुलगी हे मंडळाच्या निवडीवर अवलंबून नसल्याने वरील शंकेला येथे फारसा वाव उरत नाही.

चांगल्या कामामागे चांगलाच स्वभाव असतो, असे मात्र समजू नये. आत्ममग्न प्रमुखांच्या कंपन्या या क्षेत्रात अधिक उपक्रम करतात, असेही संशोधनात दिसले आहे. वाहवा मिळवून देणारी कामे त्यांना आवडतात, एवढेच. याउलट फाजील आत्मविश्वास असलेले प्रमुख अशा कामांत कमी रस घेतात. जबाबदारीने वागणे हे पुढच्या संकटांपासूनचे संरक्षणही असते, आणि आपल्यावर संकट येईल असे ज्याला वाटतच नाही, तो त्यासाठी खर्च कशाला करील? त्यामुळे पैसा देणग्या व समारंभांवर जातो, की स्वतःच्या कारखान्यातील सांडपाणी, कच्चा माल आणि कामगारांची सुरक्षितता यांवर, हे आधी पाहावे.

प्रमुखाला मोकळीक किती, हा प्रश्नही तितकाच मोठा आहे. दानोन या खाद्यपदार्थ बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीच्या भागधारकांनी २०२० मध्ये सामाजिक व पर्यावरणीय उद्दिष्टे कंपनीच्या नियमावलीत घालण्यास जवळपास एकमताने मान्यता दिली. तरीही त्यामागे असलेले कंपनीचे प्रमुख एमॅन्युएल फेबर यांना कंपनीच्या आर्थिक कामगिरीवर नाराज असलेल्या गुंतवणूकदारांच्या दबावामुळे मार्च २०२१ मध्ये पद सोडावे लागले. याउलट, गालिचे बनवणाऱ्या इंटरफेस कंपनीचे संस्थापक रे अँडरसन यांनी १९९० च्या दशकात पर्यावरणाची हानी शून्यावर आणण्याचे ध्येय ठरवले आणि त्यासाठी कच्चा माल, ऊर्जा व टाकाऊ गालिच्यांचा पुनर्वापर यांत बदल सुरू केले. हे सारे उत्पादनाच्या रोजच्या व्यवहारातच मिसळलेले असल्याने २०११ मध्ये त्यांच्या निधनानंतरही ते काम चालू राहिले.