दंड भरून सुटका होईल का?

प्रश्न : माझ्या धाकट्या मुलाने दुकानातून अठराशे रुपयांचे इअरफोन उचलले. पहिलीच वेळ. वस्तू परत केली, कोर्टात कबुलीही दिली. आता पंधरा दिवस, रोज तीन तास सरकारी रुग्णालयात सफाई करायची शिक्षा झाली आहे. तो कुरिअरच्या कामाला जातो, रजा मिळत नाही. दंड भरून हे मिटेल का? मोठा मुलगा त्याच्या जागी जायला तयार आहे. पुढे पासपोर्टला, नोकरीला अडचण येईल का? – एक आई

उत्तर : ताई, मोठ्याला आधी घरी बसवा. धाकट्याच्या नावावर त्याने हजेरी लावली तर ती कोर्टाची फसवणूक, आणि घरात एकाचे दोन आरोपी होतील.

दंडाची सोय या तरतुदीत नाहीच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) प्रमाणे चोरीचा माल पाच हजारांच्या आतला, दोषी पहिल्यांदाच ठरलेला आणि माल किंवा किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेचीच. ही संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली. त्याआधीच्या दंडसंहितेत अशाच चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, हे मुलाच्या कानावर घाला.

रजेचं मात्र जमू शकतं. किती तास, कुठलं काम, हे कायद्याने ठरवलेलं नाही, न्यायाधीश ठरवतात. म्हणून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि नीट वाचा. नुसतं ‘रोज तीन तास’ असेल, तर रुग्णालयातल्या अधिकाऱ्यांना भेटून भल्या सकाळची वेळ मागता येईल. वेळही लिहिलेली असेल तर परस्पर बदल नको, वकिलांना विचारा.

हजेरीत हयगय नको. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, केलेलं काम आणि त्याच दिवशी अधिकाऱ्याची सही-शिक्का. ‘शेवटी एकदम सह्या घेऊ’ म्हणणारे पक्षकार मी पाहिलेत. तोवर साहेबांची बदली झालेली असते आणि नवे साहेब जुन्या तारखांवर सही करत नाहीत. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. रोज हजेरीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काम टाळलं तर साध्या कैदेची वेळ येऊ शकते.

मोबदल्याची अपेक्षा नको. फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. गंमत अशी, की सक्तमजुरीच्या कैद्याला तुरुंगात कामाची मजुरी मिळते, बाहेर झाडू मारणाऱ्या तुमच्या मुलाला नाही.

पासपोर्ट कायद्यात दोषसिद्धीवरून नकार देण्याची जी तरतूद आहे, ती किमान दोन वर्षांच्या कैदेपासून पुढे लागते. या शिक्षेला ती लागू होत नाही. नोकरीचं तसं नाही. काम पूर्ण झालं तरी दोषसिद्धी पुसली जात नाही, आणि चोरीकडे कुठलाही मालक दुर्लक्ष करेल असं मी सांगणार नाही. पण माहिती दडवल्याचं उघड झालं तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते. फॉर्ममध्ये दोषसिद्धीचा रकाना असेल तर ‘होय’ लिहायचं आणि सोबत निकालाची नक्कल व काम पूर्ण केल्याचा दाखला जोडायचा. हा दाखला शेवटच्या दिवशीच मागून घ्या, दोन प्रती.