खिडकीच्या रंगाखाली काय चाललंय?

प्रश्न : देवगडला आमचं घर समुद्रावर आहे, वारा थेट घरात येतो. पांढऱ्या पावडर कोटिंगच्या अ‍ॅल्युमिनियम खिडक्या बसवल्या, तिसऱ्या पावसाळ्यातच चौकटीच्या कोपऱ्यांतून रंगाखाली बारीक नागमोडी रेषा पसरू लागल्या. नखाने टोकरलं की रंगाचा पापुद्रा निघतो. फॅब्रिकेटर म्हणतो, खाऱ्या हवेला इलाज नाही. नव्या खिडक्या घेताना काय बघू?
– एक वाचक भगिनी, देवगड

उत्तर : ताई, इलाज आहे, पण तो पावडर मारायच्या आधी करायचा असतो. निघालेला पापुद्रा उलटा करून बघा. रंग शाबूत असेल आणि त्याखाली पांढरी भुकटी दिसेल. या गंजाला कोटिंगवाले फिलिफॉर्म म्हणतात. रेषेच्या पुढच्या टोकाला खारट, आम्लधर्मी पाण्याचा सूक्ष्म थेंब असतो. तो धातू खात पुढे सरकतो आणि मागे भुकटी टाकत जातो. सुरुवात कोपऱ्यातून होते, कारण रंगवून आलेला सेक्शन (चौकटीची लांब अ‍ॅल्युमिनियम पट्टी) फॅब्रिकेटर ४५ अंशांत कापतो आणि कापलेलं तोंड उघडंच राहतं.

रत्नागिरीत प्रीट्रीटमेंटच्या, म्हणजे रंगाआधी धातू रसायनांत तयार करण्याच्या, टाक्यांवर मी नोकरी केली आहे. त्या जोरावर सांगतो, खारी हवा फक्त कच्चा दुवा शोधून काढते. तो दुवा बहुतेक वेळा धातू आणि पावडर यांच्यामध्ये असतो.

अ‍ॅल्युमिनियमवर हवेने आपोआप ऑक्साइडचा थर बसतो, जेमतेम काही नॅनोमीटरचा. मिठातलं क्लोराइड तो फोडतं. म्हणून रंगाआधी सेक्शन रसायनात बुडवून पृष्ठभागाचाच वेगळा, घट्ट थर बनवतात. हे कन्व्हर्जन कोटिंग. हा थर वरून चिकटवलेला नसतो, धातूचा पृष्ठभाग स्वतः रसायनाशी क्रिया करून तो घडवतो. म्हणून तो पावडरलाही धरून ठेवतो.

टाक्यांचा क्रम असा : तेल-मळ काढणं, कॉस्टिक सोड्यात किंवा आम्लात एचिंग (वरचा थोडा धातू विरघळवणं), कॉस्टिकनंतर उरलेली काळी काजळी आम्लात उतरवणं, मग कन्व्हर्जन. मध्ये प्रत्येक वेळी धुणं. एचिंगमध्ये कारखाने हात आखडता घेतात, आणि नेमकं तेच किनाऱ्यावर भोवतं. सेक्शन डायमधून (साच्यातून) दाबून काढताना धातूचा वरचा पातळ पापुद्रा बिघडलेला असतो, फिलिफॉर्मला तो फार आवडतो. तो निघालाच पाहिजे. ‘क्वालिकोट’ या युरोपीय मानकात साधारण कामाला चौरस मीटरमागे किमान १ ग्रॅम धातू उतरवायला सांगितलंय, ‘सीसाइड’ दर्जासाठी २ ग्रॅम. तुम्हाला हा २ ग्रॅमचा आकडा लागतो.

शेवटच्या धुण्याकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. आपल्याकडे मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात. त्या पाण्याने माल धुतला तर मीठ पावडरखाली कोंडलं जातं आणि पुढे तिथेच फोड येतात. धुणं डीआय (क्षार काढून टाकलेल्या) पाण्यानेच हवं. सेक्शनवरून निथळणाऱ्या पाण्याची वाहकता (क्षार जास्त तर ती जास्त) सेंटिमीटरमागे ३० मायक्रोसीमेन्सच्या आत असावी, असं तेच मानक सांगतं. मीटर लावला की लगेच कळतं.

पूर्वी क्रोमेटिंग (क्रोमियमच्या रसायनाने कन्व्हर्जन) केलेला माल सोनेरी-पिवळा दिसायचा, डोळ्यांना पटायचं. त्यात षट्‌संयुजी क्रोमियम असतं. ओरखडा पडला तर ते ओलाव्यातून तिथे पोहोचून जागा पुन्हा झाकतं, एवढं ते गुणी. पण त्याने कॅन्सर होतो, कामगाराच्या फुप्फुसाला ते घातक आहे. म्हणून त्रिसंयुजी क्रोमियम किंवा झिर्कोनियम-टायटॅनियमची रसायनं आली आणि ती यावीत असंच माझं मत आहे. मात्र झिर्कोनियमचा थर जवळजवळ रंगहीन असतो, थर बसलाय की नाही हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

तेव्हा कोटेशनवर लिहून घ्या : कुठली प्रीट्रीटमेंट, एचिंग किती, पावडरची जाडी किती (६० मायक्रॉनपेक्षा कमी नको). कापलेली तोंडं जोडण्याआधी सीलंटने बंद करून घ्या. चिऱ्याच्या भिंतीतलं ओलं सिमेंट चौकटीला लागू देऊ नका, त्याचा क्षार अ‍ॅल्युमिनियम खातो. आणि वळचणीखालच्या ज्या खिडक्यांवर पाऊस पडत नाही, त्या गोड्या पाण्याने धूत जा. तिथलं मीठ कधीच वाहून जात नाही.

प्रश्न : माझ्या होडीवर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आहे. घासून ब्रशने कन्व्हर्जनचं द्रव लावलं तर चालेल का?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : चालेल, भाऊ. फक्त क्रोमियममुक्त द्रव घ्या आणि हातमोजे, चष्मा घाला. जुना रंग पिवळसर प्रायमरचा असेल तर कोरडा घासू नका, ती धूळ विषारी असू शकते.

घासायला नायलॉनचं स्क्रबर वापरा. लोखंडी काथ्या नको, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तिथेच खड्डे पडतात. तेल काढून झालं की पाणी ओता. ते सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ. तुटून थेंब झाले, तर पुन्हा धुवा. द्रव डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत ओलं ठेवा, मध्येच वाळू देऊ नका, मग गोड्या पाण्याने धुवा. ताजा थर मऊ असतो, फडक्याने पुसू नका, वाऱ्यावर वाळू द्या आणि लवकर प्रायमर मारा. धुतलेलं पाणी खाडीत सोडू नका. स्टीलच्या स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर स्क्रूभोवती पत्रा आधी जाईल.