युरोपात चर्च ओस पडतायत, मग ख्रिश्चन धर्म जगात वाढतोय कसा? आणि भारतात तो इंग्रजांनीच आणला ना?

दुसरा भाग वाचून डोकं सटकलं, म्हणून आधी तोच घेतो. नाही, इंग्रजांनी नाही आणला. पुण्याच्या नाना पेठेतलं सिटी चर्च १७९२ चं आहे, जागा पेशव्यांनी दिली, त्यांच्याच फौजेत पोर्तुगीज ख्रिस्ती लोक होते म्हणून. शनिवारवाड्यावर इंग्रजांचा झेंडा लागायला तेव्हा अजून पंचवीस वर्षं होती. केरळातल्यांचं तर बोलायलाच नको, ते कित्येक शतकं आधीचे. उलट कंपनी सरकारला मिशनरी म्हणजे धंद्यात विघ्न वाटायचं, १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना त्यांनी परत जायला सांगितलं होतं. ते राहिले, पुढे त्यांचं मिशन नगरला गेलं आणि तिथल्याच एका खेड्यात आमचे पणजोबा ख्रिस्ती झाले. गावकुसाबाहेरचा माणूस, पोरांना शाळेत बसायला मिळालं. त्यांनी इंग्रज साहेब लांबूनच पाहिला असेल.

पण हे 'गोऱ्यांचा धर्म' प्रकरण मला सगळ्यात जास्त वेळा ऐकवलंय ते माझ्या सख्ख्या मामाने, म्हणजे पाळकाच्या घरात वाढलेल्या माणसाने. मामा रेल्वेतून रिटायर झाला, दर रविवारी टाय लावून कँपात इंग्लिश सर्व्हिसला जातो. ऑर्गन आणि इंग्लिश गाणी म्हणजे उपासना, बाकी सगळं गावठी. माझ्या लग्नाच्या उपासनेत मी ठरवलं होतं की गीतं ख्रिस्ती झालेल्या कवी ना. वा. टिळकांचीच, पेटी-तबला-टाळ घेऊन. मामा भडकला. म्हणे कंपनीतले साहेब येणार आणि तू भजनी मंडळ बसवतोस? अरे टिळक स्वतः म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, त्या माणसाची गीतं ऑर्गनवर वाजवून काय उपयोग? शेवटी आईने मध्ये पडून एक इंग्लिश गाणं घुसडलंच, ते कोणालाच नीट येत नव्हतं.

माझी कंपनी रांजणगावला, मॅनेजर कोरियन. मामाने त्याला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं आणि शेजारी बसून तबल्याबद्दल माफी मागत राहिला. तो माणूस निघाला प्रेस्बिटेरियन, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचा ख्रिस्ती, चार पिढ्यांचा, आजी मूळची प्योंगयांगची, म्हणजे आजच्या उत्तर कोरियाच्या राजधानीची. आज विश्वास बसत नाही पण त्या शहराला एके काळी पूर्वेचं जेरुसलेम म्हणायचे, १९०७ चं त्यांचं मोठं जागरण, म्हणजे श्रद्धा नव्याने पेटून लोक प्रार्थनेला लोटले ती लाट, तिथलंच. जेवताना तो बिर्याणीचं ताट घेऊन पेटीवाल्याशेजारी जाऊन बसला आणि मग मला म्हणाला, पंडिता रमाबाईंचं ठिकाण इथून जवळ आहे ना? मामाला केडगावबद्दल एवढंच माहीत की दौंडच्या गाडीने जाताना लागतं.

पुढे एका रविवारी मी त्या साहेबाला न्हावऱ्याकडून चौफुल्यावरून केडगावला नेलं. (चौफुला म्हटलं की आपल्या लोकांना लावणीची कला केंद्रंच आठवतात, असो.) तिथे १९०५ मध्ये रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या प्रार्थनेतून जे जागरण सुरू झालं ते लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटच्या आदल्या वर्षीचं, आणि पेन्टेकॉस्टल चळवळ (पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणारे ख्रिस्ती) त्या अझुसा स्ट्रीटवरूनच निघाली असं शिकवतात. दुष्काळात वाचलेल्या, टाकलेल्या, विधवा मुली होत्या या. मुक्तीतल्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईने त्यावर पुस्तिका लिहिली, ती चिलीत वालपराइसोला हूव्हर नावाच्या मेथडिस्ट पाळकाच्या घरी पोचली, आणि १९०९ मध्ये तिथे तेच घडलं. चिलीतले पेन्टेकॉस्टल त्यातून निघाले. म्हणजे केडगावहून थेट दक्षिण अमेरिका, मध्ये लंडन नाही की रोम नाही.

हे सगळं मामाला सांगितलं तर म्हणतो, "ते पेन्टेकॉस्टल लोक, आपण तसे नव्हे." घ्या!

आता तुमचा पहिला प्रश्न. १९१० मध्ये जगातल्या ख्रिस्ती लोकांपैकी साधारण ६६ टक्के युरोपात होते, २०१० मध्ये २६. आफ्रिकेत सहाराच्या खाली दीड टक्का सुद्धा नव्हते, ते २४ टक्क्यांच्या आसपास गेले. आणि बरंचसं काम तिथल्याच लोकांनी केलं. काँगोत सायमन किंबांगूने १९२१ मध्ये जेमतेम काही महिने प्रचार केला, बेल्जियन सरकारने त्याला मरेपर्यंत तीस वर्षं तुरुंगात ठेवलं, तरी त्याचं चर्च वाढलं. कोरियात राज्यकर्ता जपान, त्यामुळे ख्रिस्ती होणं म्हणजे सरकारची बाजू घेणं नव्हतं. १९१९ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ३३ सह्या, त्यातल्या १६ ख्रिस्ती. चीनमधून १९४९ नंतर परदेशी मिशनरी हाकलले, तिथल्या ख्रिस्ती मंडळ्या वाढल्याच. माझं मत स्पष्ट आहे, साहेब गेला की धर्म वाढतो.

युरोप का रिकामा झाला ते युरोपवाल्यांना विचारा. मामाचा मुलगा लंडनजवळ राहतो, तो जातो ते चर्च नायजेरियन लोकांनी चालवलेलं आहे. मामा म्हणतो ते तात्पुरतं आहे.

हां, आता लगेच कमेंटमध्ये तुटून पडू नका. साम्राज्याचा फायदा मिशनला झालाच, रेल्वे, कोर्ट, शाळांची ग्रांट सगळं होतं, आणि बऱ्याच मिशनऱ्यांचा तोरा साहेबाचाच होता. रमाबाईंचं इंग्लंडमधल्या सिस्टर लोकांशी (म्हणजे नन्सशी) त्यावरून वाजलं होतं, बाप्तिस्मा घेतला म्हणून अक्कल गहाण टाकली नाही बाईने. आणि जात आमच्यातही आहे, स्थळं बघताना हळूच विचारतात.

तुम्ही पुण्यात असाल तर एखाद्या रविवारी मराठी उपासनेला येऊन मागे बसा, कोणी काही विचारत नाही. कँपात जाऊ नका, तिथे मामा भेटेल आणि हे सगळं उलटं सांगेल.