दोन स्वस्त ग्राफिक्स कार्डांची जोडी की एकच कार्ड?

तुमच्याकडे एनव्हिडियाचे दोन जीबी मेमरीचे जीटीएक्स ९६० हे ग्राफिक्स कार्ड आहे आणि त्याच्या जोडीला तसेच जुने दुसरे घ्यावे की ते विकून एकच ताकदीचे कार्ड घ्यावे, हा तुमचा प्रश्न वाचून राहवले नाही, कारण हीच जोडी जमवण्याच्या खटपटीत माझे दोन महिने वाया गेले होते. खेळांसाठी विचारत असाल तर एकच कार्ड घ्या. मी तंत्रज्ञ नाही, त्यामुळे हे एका वापरकर्त्याचे मत समजावे.

एसएलआय म्हणजे एनव्हिडियाची दोन कार्डे जोडून एकाच खेळासाठी चालवण्याची सोय, हे तुम्हाला ठाऊक असेलच, तेव्हा थेट माझ्या चुकीकडे येतो. माझ्या मदरबोर्डवर दोन लांब स्लॉट होते आणि खोक्यावर क्रॉसफायरचे, म्हणजे एएमडीच्या कार्डांसाठीच्या अशाच सोयीचे, चिन्ह छापलेले होते, एवढ्यावरून कोणतीही दोन कार्डे जोडीने चालतील असे मी गृहीत धरले. दुसरे कार्ड बसवले, दोन्ही कार्डांना जोडणारी पट्टी म्हणजे ब्रिज लावला, दोन्हींचे पंखे फिरले, डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन्ही नावे आली. पण एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये एसएलआय सुरू करण्याचा पर्यायच दिसेना.

बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहिले. ड्रायव्हर काढून पुन्हा टाका, ब्रिज बदला, बायोस अद्ययावत करा, अशी उत्तरे येत राहिली आणि दर वेळी नवा माणूस पहिल्यापासून सुरुवात करी. बोर्डचा मॉडेल क्रमांक मी पहिल्याच पत्रात दिला होता. त्यावर एसएलआय चालत नाही, हे एक वाक्य त्याच दिवशी कळवले असते, तर दुसरे कार्ड परत करण्याची मुदत हातची गेली नसती. याची चीड मला आजही आहे.

शेवटी टॉर्च घेऊन दुसऱ्या स्लॉटमध्ये डोकावलो, तेव्हा उलगडा झाला. स्लॉट पूर्ण लांबीचा होता, पण आतल्या पिना सुरुवातीच्या थोड्या भागातच होत्या आणि पुढची खाच रिकामी होती, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या वाटा, ज्यांना लेन म्हणतात, त्या चारच आणि त्याही थेट प्रोसेसरकडून नव्हे तर बोर्डवरच्या चिपसेटमार्फत. क्रॉसफायर चार लेनवर चालते. एसएलआयला मात्र प्रत्येक कार्डासाठी किमान आठ लेन लागतात, शिवाय बोर्डला एनव्हिडियाची मान्यता असावी लागते. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लेनचा आकडा आणि जोडणीचा वेग दिसतो, पण तो कार्डावर भार असताना पाहावा, कारण कार्ड रिकामे असताना वीज वाचवण्यासाठी जोडणीचा वेग खाली येतो.

पुढे एका मित्राच्या योग्य बोर्डवर ही जोडी चालली आणि तेव्हा दुसरी अडचण समोर आली. दोन्ही कार्डे आळीपाळीने एकेक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एकेक चित्र, काढतात, म्हणून खेळाचा सगळा माल दोन्हींच्या मेमरीत वेगवेगळा ठेवावा लागतो आणि दोन अधिक दोन जीबी मिळून वापरायला दोनच जीबी उरतात. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागाच्या चित्रांचा दर्जा, एक पायरी वाढवले की खेळ अडखळू लागे, आणि एरवीही फ्रेमचा आकडा वाढलेला दिसत असताना मान वळवताना चित्र हिसके देत असे, कारण दोन फ्रेममधले अंतर सारखे राहत नव्हते. शिवाय आताचे बरेच खेळ कडा गुळगुळीत करण्यासाठी आधीच्या फ्रेममधली माहिती वापरतात, त्यामुळे एका कार्डाला दुसऱ्याची वाट पाहावी लागते.

एनव्हिडियाने २०१६ च्या जीटीएक्स १०६० वरच एसएलआय दिले नाही आणि १ जानेवारी २०२१ पासून नव्या खेळांसाठी एसएलआयची ड्रायव्हर प्रोफाइले, म्हणजे त्या-त्या खेळात जोडी चालावी म्हणून ड्रायव्हरमध्ये दिलेल्या मांडण्या, हीही थांबवली, त्यामुळे जुने, आधार असलेले मोजके खेळच खेळणार असाल तरच जोडीचा विचार करावा. तसे केलेत, तर प्रत्येक ९६० ला सुमारे १२० वॅट लागतात हे धरून पॉवर सप्लाय तपासा, आणि वरच्या कार्डाच्या पंख्याला हवा मिळेल एवढी फट ठेवा.

काम ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रॅममधल्या सायकल्स या चित्र तयार करणाऱ्या भागाचे असेल तर माझे मत बदलेल, कारण तिथे एसएलआय लागतच नाही आणि दोन कार्डे वेळ खरोखर वाचवतात. फक्त वेग टिकण्यासाठी पूर्ण दृश्य प्रत्येक कार्डाच्या मेमरीत मावले पाहिजे आणि दोन जीबीत ते फार लवकर अडते. तुमचा नेमका वापर आणि बोर्डचा मॉडेल क्रमांक लिहा, म्हणजे त्याच्या माहितीपत्रकातला लेनचा तक्ता मी पाहून सांगेन.