डबा रोज येतो, तरी आईचं वजन घटतंय

प्रश्न : आई ७९ वर्षांची, डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. गुडघ्यांमुळे खाली उतरणं बंद. मी बंगळुरूला असते, म्हणून दोन्ही वेळचा डबा लावून दिलाय. तरी सहा महिन्यांत वजन ५२ वरून ४८ किलो. कामवाल्या मावशी सांगतात, डबा बरेचदा अर्धा तसाच परत जातो. विचारलं तर आई म्हणते, 'भूकच नसते गं.' काय करू? – एक लेक

उत्तर : सहा महिन्यांत न ठरवता ५ टक्के वजन गेलं तरी डॉक्टर गाठायचे असतात, इथे साडेसात टक्क्यांवर गेलंय. तो फोन आजच करा. थायरॉइड, साखर, उदासी आणि चालू गोळ्या, सगळंच तपासायला हवं.

तोवर डब्याकडे बघू. गरम वरण भरून झाकण दाबलं की निवताना आतली हवा आकसते आणि झाकण घट्ट बसतं. दुखऱ्या बोटांना ते उघडत नाही, आणि 'उघडता येत नाही' असं लेकीला सांगायला आईला संकोच वाटतो. डबा देणाऱ्या मुलाला झाकणं सैल करून टेबलावर ठेवायला सांगा. घरात यायचं नसेल तर दाराबाहेर कमरेच्या उंचीचं स्टूल हवं. जमिनीवरची पिशवी उचलताना तोल जातो.

पोळीचंही तेच. दीड वाजेपर्यंत ती वातड होते, आणि वजन उतरलं की कवळीही ढिली पडते. मेसवाल्या काकूंना स्पष्ट सांगा : एका वेळी पोळीऐवजी मऊ भात किंवा वरणफळं, तिखट कमी, वरण घट्ट. पातळ वरणाच्या वाटीत प्रथिनं जेमतेम ४-५ ग्रॅम. आईंना दिवसाला साधारण ५० ते ५८ ग्रॅम लागतात (किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील). म्हणून डब्याशिवाय एक उकडलेलं अंडं, ६ ग्रॅम; कपभर दुधात दोन मोठे चमचे दूध पावडर, १० च्या आसपास. अंडं चालत नसेल तर घरचं पनीर.

मधुमेहाची गोळी असेल तर डबा समोर आल्याशिवाय घ्यायची नाही, हे डॉक्टरांशी बोलून पक्कं करा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी आधी घेतली आणि डबा तासभर उशिरा आला की साखर घसरते. ७० च्या खाली गेली तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची.

दुपारचा अर्धा डबा रात्रीसाठी ओट्यावर ठेवायची सवय असेल, तर ती मात्र मोडायलाच हवी. दोन तासांत फ्रिजमध्ये, मे महिन्यात तर तासाभरात. भाताला विशेष जपायचं, कारण बाहेर राहिलेल्या भातात तयार होणारं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

मेस दिवाळीत बंद असते, मुसळधार पावसात मुलगा येत नाही. तीन दिवसांचा कोरडा साठा हाताच्या उंचीच्या फळीवर असू द्या : भाजलेला रवा, मेतकूट, सातूचं पीठ, दूध पावडर, राजगिऱ्याचे लाडू. आणि दार उघडलं नाही किंवा आदल्या दिवशीचा डबा बाहेरच दिसला, तर त्या मुलाने थेट तुम्हाला फोन करायचा. शेजारच्यांचा नंबर तुमच्याकडे, किल्ली शेजारच्यांकडे.