गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईची ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी सुटत नाहीये. एकदम बंद करू का?

एकदम बंद नका करू, कळकळीनं सांगते. आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. माझ्या काकूंनी हेच केलं. दुसऱ्या दिवशी घाम, जुलाब, पायांची सारखी तळमळ, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सगळ्यांना वाटलं दुखणंच उलटलं. ती गोळी सुटल्याची लक्षणं होती. ट्रामाडॉल अफूच्याच जातीचं औषध; २०१८ पासून एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. डोस डॉक्टरांनाच हळूहळू उतरवू द्या, झोपेची गोळी स्वतःच्या मनानं जोडू नका. सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात न्या, रिकाम्या स्ट्रिपा सोबत घ्या. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. आणि आईंना ‘व्यसनी’ म्हणू नका हो. त्या एका शब्दानंतर काकू गोळ्या उशीच्या अभ्र्यात लपवायला लागल्या होत्या.