मावशींना गावी का पाठवलंस?

पत्र

ताई, नमस्कार.

पहिला नवरा गेल्यावर मुलाला घेऊन आठ वर्षं एकटीने काढली. चार वर्षांपूर्वी दुसरं लग्न केलं. ह्यांचीही पहिली बायको आजारपणात गेलेली. त्यांची मुलगी आता २० वर्षांची आहे, मुलगा १३ चा. माझा मुलगा १७ चा. ह्यांनी त्याला आपलं नाव लावलं, रविवारी दुकानात गल्ल्यावर बसवतात. मुलगी पुण्यात इतिहास घेऊन बी.ए. करते. गौरीजेवणाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना ती मला म्हणाली, "तू ॲग्रिपिना आहेस." तेव्हा कुणालाच काही कळलं नाही, मलाही नाही. रात्री मोबाइलवर शोधलं आणि पहाटेपर्यंत रडले. नवऱ्याला विष घालणारी रोमची राणी! ताई, धाकट्याचा डबा मी रोज स्वतःच्या हाताने करते. त्याला काही कमी पडू देत नाही. घरातल्या जुन्या मावशी त्याचे कान भरायच्या म्हणून जूनमध्ये त्यांना गावी पाठवलं, शिकवणीही माझ्या मावसभावाकडे लावली, तेव्हापासून तर तो उलट उत्तरही देत नाही. मग माझं चुकलं कुठे? या मुलीची समजूत कशी घालू?

उत्तर

तुला अगं-तुगंच करते. वयाने मी तुझ्या आईसारखी आहे, आणि आज थोडी रागावणारही आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यासोबत मीही त्या 'विष' शब्दापाशी अडखळले. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर बोट ठेवलं ते उचलवेना. "घरातल्या जुन्या मावशी." डबा आणि शिकवणी यांच्या मधे, जाता जाता लिहून टाकलंस. त्या किती वर्षं त्या घरात होत्या ते लिहिलं नाहीस. त्यांचं नावही नाही. पण मुलगा १३ चा आणि मावशी 'जुन्या', म्हणजे हिशेब मीच करते. त्याला न्हाऊमाखू घातलं असेल ते त्यांनी. त्याची आई आजारी होती तेव्हा रात्री त्याला जवळ घेऊन झोपल्या असतील त्या. आई गेली त्या दिवशी त्याला शेजारच्या घरी कुणी नेऊन बसवलं असेल?

विषाचं आधी संपवते. ॲग्रिपिनाने नवऱ्याला, म्हणजे सम्राट क्लॉडियसला, अळंब्यांतून विष दिलं असं जुने इतिहासकार सांगतात. तू कुणाला विष घातलेलं नाहीस. तुझ्या मुलीलाही ते ठाऊक आहे. पण इतिहास शिकणाऱ्या मुलीने अळंब्यांच्या पुढचं-मागचंही वाचलेलं असणार, आणि तिला बोलायचं होतं ते त्याबद्दल. ते मी सांगते. नीट ऐक, कारण त्या घराची मांडणी तुझ्या घरासारखीच आहे.

इ.स. ४८ मध्ये क्लॉडियसची बायको मेसालिना मारली गेली. ती काही सोज्वळ नव्हती, पण दोन मुलांची आई होती. मुलगी ऑक्टेव्हिया आणि मुलगा ब्रिटानिकस, वय ७. सिनेटने हुकूम काढला की मेसालिनाचं नाव आणि तिचे पुतळे सगळीकडून काढून टाकावेत, सार्वजनिक जागांतून आणि घरांतूनही. सात वर्षांच्या पोराच्या आईचं नाव भिंतींवरून पुसलं गेलं. पुढच्याच वर्षी क्लॉडियसने ॲग्रिपिनाशी लग्न केलं. तिचा मुलगा ११ वर्षांचा. तोच पुढे नीरो झाला. इ.स. ५० मध्ये क्लॉडियसने त्याला दत्तक घेतलं, आपल्या घराण्याचं नाव दिलं. तीनेक वर्षांनी मोठा असलेला हा मुलगा सख्ख्या मुलाच्या पुढे जाऊन उभा राहिला.

मग ५१ साली खेळांचा सोहळा झाला. दोन्ही मुलं लोकांसमोरून गेली. नीरोच्या अंगावर विजयी सेनापतीचा पोशाख, ब्रिटानिकसच्या अंगावर लहान मुलं घालतात तो जांभळ्या काठाचा झगा. बघणाऱ्यांनी ओळखायचं ते ओळखलं. त्याच सुमाराला दोघं समोरासमोर आले तेव्हा नीरोने ब्रिटानिकसला नावाने नमस्कार केला आणि ब्रिटानिकसने उलट त्याला 'डोमिशियस' म्हटलं. ते नीरोचं दत्तकाआधीचं नाव. दहा वर्षांचं पोर, जुन्या नावाने हाक मारून बसलं. मुद्दाम मारली असेल, नसेलही.

ॲग्रिपिना नवऱ्याकडे गेली आणि तक्रार केली की याचे शिक्षक याच्या मनात आमच्याविषयी वैर भरतात, आत्ताच आवर घातला नाही तर उद्या सगळ्यांना भारी पडेल. कान भरतात, असंच ना? बघ, तुझे आणि तिचे शब्द किती जवळ आलेत. क्लॉडियसने मुलाच्या चांगल्यातल्या चांगल्या शिक्षकांना हद्दपार केलं, काहींना मारलं. सोसिबियस नावाचा त्याचा शिक्षक असाच गेला. त्यांच्या जागी सावत्रआईने निवडलेली माणसं आली. मुलावर जीव असलेले घरातले सेवकही एकेक करून दूर झाले. राजवाड्यावरच्या प्रीटोरियन पलटणीचे दोन्ही प्रमुख बदलले आणि तिच्या मर्जीतला बर्रस तिथे बसला. यातल्या कशातही विषाचा थेंब नव्हता. बाहेरून बघणाऱ्याला तर ती मुलाच्या शिक्षणाची व्यवस्था करते आहे असंच दिसलं असेल.

मला खरं विष तिथे दिसतं. पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते.

५४ च्या ऑक्टोबरात क्लॉडियस मेला, नीरो गादीवर आला. लगेचच मायलेकांचं बिनसलं. तेव्हा ॲग्रिपिनाला ब्रिटानिकस आठवला. ती मुलाला ऐकवू लागली की खरा वारस आता मोठा झालाय, मी त्याला घेऊन सैनिकांच्या छावणीत जाईन. ज्याला तिनेच एकटं पाडलं होतं त्याचाच तिला आता आधार हवा होता. पण त्या पोराच्या भोवती आपलं म्हणावं असं उरलं होतं कोण? नीरोने पहिल्यांदा विष दिलं ते ब्रिटानिकसच्या स्वतःच्या शिक्षकांच्या हातून. इतिहासकार टॅसिटस तिथे स्पष्ट लिहितो की या मुलाजवळच्या कुणालाही धर्म-इमानाची चाड राहू नये याची तजवीज फार आधीच करून ठेवली होती. 'फार आधी' म्हणजे कधी, ते आता तुला कळलं.

ते पहिलं विष पोटातून निघून गेलं. मग ५५ च्या फेब्रुवारीत, चौदावा वाढदिवस तोंडावर आला असताना, जेवणाच्या वेळी दुसरं दिलं. राजघराण्यातली मुलं मोठ्यांच्या नजरेसमोर, पण वेगळ्या साध्या मेजावर बसून जेवत. ब्रिटानिकसचं पेय आधी चाखून पाहिलेलं होतं, पण फार गरम होतं. त्याने ते परत केलं आणि त्यात गार पाणी ओतलं गेलं. विष त्या पाण्यात होतं. पोराची वाचा गेली, श्वास गेला. नीरो जागचा हलला नाही. म्हणाला, याला लहानपणापासून फिट येतात, येईल शुद्धीवर. त्याच रात्री, पावसात, त्याला अग्नी दिला.

त्या मेजावरचे दोन चेहरे मला विसरता येत नाहीत. एक ॲग्रिपिनाचा. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि तिने कितीही दाबलं तरी भीती तोंडावर दिसली. दुसरा ऑक्टेव्हियाचा. ती नीरोची बायको आणि मरणाऱ्या मुलाची बहीण, वय जेमतेम १४-१५. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. दुःख, माया, सगळं झाकायला ती त्या वयात शिकून बसली होती.

आता तुझं ते वाक्य पुन्हा वाच. "तेव्हापासून तर तो उलट उत्तरही देत नाही." तू हे आनंदाने लिहिलंस, आणि मला मात्र तिथे धस्स झालं. १३ वर्षांचं पोर जूनपासून उलट बोललेलं नाही! अगं, या वयाची मुलं मोज्यांवरून भांडतात, भाजीवरून भांडतात. ज्या माणसापाशी भांडून झाल्यावर रडायला जायचं ते माणूस तू एस.टी.त बसवून दिलंस, म्हणून तो गप्प आहे. जुळवून घेतलं म्हणतेस त्याला?

आणि मावशी त्याच्या कानात नेमकं काय भरायच्या, ते तू लिहिलंच नाहीस. तुझी चुगली करत असत्या तर चार ओळी लिहिल्या असत्यास, मी ओळखते. मला वाटतं त्या त्याच्याशी त्याच्या आईबद्दल बोलायच्या. तुझी आई आमटीत गूळ जास्त घालायची, तुला ताप आला की अशी थोपटायची, एवढंच. तेरा वर्षांच्या मुलाला आईचा आवाज आठवत नाही गं, कुणीतरी आठवून द्यावा लागतो. त्या घरात आता तिच्याबद्दल बोलणारं कोण उरलंय? मुलगी पुण्यात. नवरा, तुझ्या मनाला लागेल म्हणून, तिचं नाव काढत नसणार. संध्याकाळी वही उघडून समोर बसतो तो तुझा मावसभाऊ.

मुलीची समजूत घालायची नाही. ती ऑक्टेव्हियासारखी चेहरा दगडाचा करून बसली नाही, चारचौघांत बोलली. तिचे शब्द वाईट होते, वेळ त्याहून वाईट. तरी तिने भावासाठी तोंड उघडलं, आणि तुझ्यासमोर उघडलं, म्हणजे अजून तुझ्याकडून काही होईल असं तिला वाटतंय. तिला आत्ता फोन करू नकोस.

राहता राहिली ॲग्रिपिना. तिचंही सांगते, कारण तू तिच्यासाठीच रडलीस. ब्रिटानिकस गेल्यावर नीरोने तिचे पहारेकरी काढून घेतले, तिला दुसऱ्या वाड्यात हलवलं आणि तिचा उंबरा एकदम ओस पडला. ५९ साली त्याने तिला मोडणाऱ्या बोटीत बसवलं. ती पोहून वाचली. मग मारेकरी घरी पाठवले. अंधुक दिव्याच्या खोलीत तिच्याजवळ एकच दासी होती. तीही उठून निघाली तेव्हा ॲग्रिपिना म्हणाली, "तूही सोडून चाललीस?" तिने स्वतःच्या आठवणी लिहिल्या होत्या, पण त्या हरवल्या. तिची बाजू तिच्या शब्दांत आपल्यापर्यंत आलीच नाही, याचं मला वाईट वाटतं. आठ वर्षं एकटीने मूल वाढवलेल्या बाईला आपल्या मुलाची जागा पक्की करावीशी वाटते, हे मला कळतं. तिचंही तसंच असेल. म्हणून मी तुला हे तुझ्या पत्राच्या आठवड्यातच लिहिते आहे.

येत्या शनिवारी धाकट्याला घेऊन मावशींच्या गावाला जा. तू स्वतः जायचंस. नवऱ्याला पुढे करू नकोस, फोनवर निरोप देऊ नकोस, मोठ्या मुलाला गाडी काढायला सांगू नकोस. एस.टी.ने जा, पोराला खिडकीची जागा दे. वाटेत काही समजावत बसू नकोस, कुठे चाललोय तेवढं सांग. शिकवणीचं, दुकानाचं, नावाचं नंतर बघू. त्यावर तू पुन्हा लिही, मी उत्तर देईन. पण आधी हे.

पातळ वगैरे घेऊन जाऊ नकोस, त्यांना ती लाच वाटेल. त्यांची राहिलेली भांडी, चादर, जे काही घाईत मागे राहिलं असेल ते पिशवीत घाल. दारात गेल्यावर म्हण, "मावशी, माझं चुकलं. घरी चला." त्या आधी तुझ्याकडे बघणार नाहीत, त्याच्याकडे बघतील. तेव्हा मधे उभी राहू नकोस. जरा बाजूला हो.